‘वडील गेल्यावर बाप्तिस्मा घेतो’

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई, माझं वय ३६. गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी चाकणला एका कारखान्यात. वडील माळकरी आहेत. माउलींची पालखी लोणंदला आली की पूर्वी ते तिथून थेट पंढरपूरपर्यंत चालत जायचे. अँजिओप्लास्टी झाल्यापासून फलटणपर्यंतच जातात. कंपनीतल्या एका मित्राने मला बायबलचा नवा करार दिला. आधी उत्सुकता म्हणून चाळला, मग सुटेचना. आता कंपनीच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून लूकचं शुभवर्तमान ऐकतो. वर्षभरापासून एका मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेला जातो (घरी रविवारी ओव्हरटाइम आहे असं सांगतो). तिथले पाळक (पास्टर) म्हणतात, या ईस्टरला बाप्तिस्मा घे. मी म्हटलं, वडील आहेत तोवर नको, मी थोरला, अग्नी मलाच द्यायचा आहे. त्यावर ते म्हणाले, ‘मेलेल्यांना आपले मेलेले पुरू दे’ असं खुद्द येशूने सांगितलंय, हिशेब करत बसणं म्हणजे अविश्वास. मी बायबल वाचतो एवढंच बायकोला माहीत आहे. मुलगी दुसरीत आहे. मी येशूच्या मागे जायला तयार नाही, असं समजायचं का? वडील गेल्यावर बाप्तिस्मा घेतला तर चालेल का? वारीहून वडील आले की त्यांच्या पाया पडायचं का, प्रसाद घ्यायचा का? आणि माझं नाव विठ्ठलाचं आहे, ते बदलावं लागतं का?
— एका वारकऱ्याचा मुलगा

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रात प्रश्न चार आणि कंस एक. मला आधी त्या कंसाबद्दल बोलायचं आहे. रविवारी ओव्हरटाइम आहे असं सांगून तुम्ही उपासनेला जाता. म्हणजे सुट्टीच्या दिवशी बायको लवकर उठून डबा करून देत असणार, आणि तो डबा पिशवीत घालून तुम्ही ‘सत्य तुम्हाला बंधमुक्त करील’ हे वचन ऐकायला जाणार. वर्षभर ओव्हरटाइम करणाऱ्या माणसाच्या पगारात तो दिसत कसा नाही, हे तिने अजून विचारलं नाही का? की तिच्या मनात काहीतरी आलंय, आणि ते भलतंच काही असेल या भीतीने ती गप्प आहे?

टोचून बोलतेय, मला माहीत आहे. पण बाप्तिस्मा ईस्टरला घ्यावा, पुढच्या वर्षी घ्यावा की वडिलांच्या पश्चात, यावर दोन बाजूंनी बोलता येतं. या ओव्हरटाइमला दुसरी बाजू नाही. मोठी किंमत मोजायला तुम्ही तयार आहात का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पहिला हप्ता मात्र तुम्ही वर्षभर थकवला आहे, एवढं दिसतंय.

आता पाळकांनी तुम्हाला ऐकवलेल्या वचनाकडे येऊ. ते लूकच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी आहे, तुम्ही बसमध्ये ते ऐकलंच असेल. तिथे रस्त्यात येशूला तिघे भेटतात. पहिला आपणहून म्हणतो, तू जाशील तिथे मी येईन. त्याला येशू शाबासकी देत नाही. कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत, मला डोकं टेकायला जागा नाही, असं सांगून त्याचा उत्साह तो जरा खालीच आणतो. दुसरा म्हणतो, आधी बापाला पुरून येतो. तिसरा म्हणतो, घरच्यांचा निरोप घेऊन येतो, आणि त्याला ते नांगराचं वाक्य ऐकायला मिळतं: नांगराला हात घालून मागे बघणारा देवाच्या राज्याला उपयोगी नाही. शेतकऱ्याच्या पोराला ते समजावून सांगायला नको, मागे बघत औत हाकलं की तास वाकडं जातं.

दुसऱ्याचा बाप त्या दिवशी वारलेला होता का? यहुदी लोकांत प्रेत सहसा त्याच दिवशी पुरत असत. बाप घरात मरून पडलेला असताना मुलगा रस्त्यावर उपदेशकाशी बोलत उभा राहणार नाही. म्हणून पुष्कळ भाष्यकार म्हणतात, बाप जिवंत होता आणि ‘बापाला पुरून येतो’ म्हणजे ‘बाप आहे तोवर घरी राहतो, मग बघू’. दुसरं एक मत असं, की यरुशलेमच्या आसपास वर्षभराने अस्थी गोळा करून दगडी पेटीत ठेवायची रीत होती, हा माणूस त्याबद्दल बोलत होता. मला पहिलं मत पटतं. आणि ते पटलं की पाळकांचं म्हणणं निम्मं बरोबर ठरतं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. कारण तुमचं वाक्य हुबेहूब तेच आहे.

मात्र त्यांनी ते ज्या कामासाठी वापरलं, ते मला मान्य नाही. येशू त्या माणसाला बापाला सोड असं म्हणत नाही, थांबायला कारण शोधू नकोस असं म्हणतो. आई-बापाची सेवा करणं हे त्याला खटकत असतं, तर मार्कच्या सातव्या अध्यायात तो परूश्यांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धार्मिकांवर, इतका चिडला नसता. देवाच्या नावाने ‘कुर्बान’ म्हणून पैसा बाजूला काढायचा आणि म्हाताऱ्या आई-बापाला हात वर करून दाखवायचे, ही युक्ती त्याने तिथे चव्हाट्यावर मांडली आहे. वधस्तंभावर असतानाही आईला एका शिष्याच्या हाती सोपवायला तो विसरला नाही.

आता तुमच्या ‘वडील गेल्यावर’बद्दल मला खरं काय वाटतं ते सांगते. ते तुम्ही वडिलांवरच्या मायेने म्हणता, यात मला शंका नाही. पण त्या वाक्याबरोबर पाच-दहा वर्षं राहून बघा. देवाची आज्ञा पाळायचा तुमचा मुहूर्त वडिलांच्या मरणाला बांधलेला आहे. त्यांना पुन्हा छातीत दुखेल, तुम्ही दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसलेले असाल आणि मनात कुठेतरी येईल, की आता मोकळा होईन. असं मनात आलं म्हणून तुम्ही स्वतःला माफ करणार नाही. मायेपोटी घेतलेला निर्णय नकळत बापाच्या मरणाची वाट बघायला लावतो. येशू त्या दुसऱ्या माणसाशी इतकं कडक का बोलला असेल, याचं एक कारण मला इथे सापडतं.

म्हणून माझा सल्ला असा: बाप्तिस्मा पुढे ढकलायचा असेल तर ढकला, बोलणं ढकलू नका. वडील जिवंत असताना त्यांना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

तिसऱ्या माणसाची गोष्ट वाचताना मला जुन्या करारातला संदेष्टा एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा आठवतात. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, अलीशा बारा जोड्या जुंपून शेत नांगरत असतो. एलीया आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो. अलीशा म्हणतो, आई-बापाचा मुका घेऊन येतो, आणि एलीया त्याला जाऊ देतो. अलीशा काय करतो? बैल कापतो, औताच्या लाकडांवर ते शिजवतो, लोकांना जेवू घालतो आणि मग निघतो. (बैलांचा भाग वडिलांना सांगू नका.) परतीची सोय त्याने जाळून टाकली, हे सगळेच प्रवचनात सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं. तो चोरून गेला नाही. आपण कुठे चाललो हे त्याने सगळ्यांना समोर बसवून, जेवू घालून कळवलं.

हिशेब करणं म्हणजे अविश्वास, हे पाळकांचं वाक्य मात्र साफ चुकीचं आहे. लूकच्याच चौदाव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, नाहीतर पाया घालून काम थांबेल आणि लोक हसतील. लढाईला निघालेला राजा दहा हजारांनिशी वीस हजारांसमोर टिकेल का, हे आधी बघतो. आणि हे तो कोणाला सांगतो? मागे लोकांची झुंबड लागलेली असताना तो वळून त्यांना हे सांगतो. गर्दी वाढत असताना गर्दी कमी होईल असं बोलणारा तो माणूस होता. ईस्टरला बाप्तिस्म्याची यादी भरायची घाई त्याला नसती.

हिशेब करताना एकच गोष्ट नीट बघा: पैसे कोणाच्या खिशातून जाणार आहेत? शिष्यपणाची किंमत मी मोजली, असं सांगणाऱ्या बऱ्याच पुरुषांची किंमत त्यांच्या बायकांनी मोजलेली असते. आमच्याकडे नगरला हे सांगायला लांब जावं लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांच्यापर्यंत बातमीच पोहोचली. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. त्या काळातल्या बामणाच्या घरातली बाई, नवरा जिवंत आणि तरी नसल्यासारखा. त्यांनी पुढे ते सगळं आपल्या आत्मचरित्रात लिहिलं, रडवत आणि हसवत. लोक ते वाचून टिळकांच्या धैर्याचं कौतुक करतात. मी दर वेळी लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी तिथवर चालत येऊन. शेवट गोड झाला म्हणून मधली वर्षं भरून येत नाहीत.

तेव्हा पहिलं बोलणं बायकोशी. याच आठवड्यात, मुलगी झोपल्यावर. मी रविवारी कुठे जातो, कधीपासून जातो, तुला खोटं का सांगितलं. बाप्तिस्म्याचं नंतर काढा, आधी खोट्याबद्दल बोला, कारण तिला लागेल ते तेच. ती म्हणाली, मला हे नको, तर तिला पटवायला बसू नका. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्रात लिहितो, की विश्वास न ठेवणारी बायको नवऱ्याबरोबर राहायला राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. तिने देव बदलावा अशी अट त्याने कुठेच घातलेली नाही. देव्हारा तिचा आहे, तो तुम्ही हलवायचा नाही. आणि मुलीचा बाप्तिस्मा तिच्या आईच्या संमतीशिवाय होता कामा नये, पाळक काहीही म्हणोत.

बायकोला हे कायद्याच्या अंगानेही माहीत असायला हवं, कारण मंडळीत ते कोणी सांगत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५, याच्या तेराव्या कलमात जोडीदाराने धर्म सोडणं हे घटस्फोटाचं एक कारण आहे. म्हणजे तुमच्या बाप्तिस्म्यानंतर तिला तो मार्ग खुला होतो. तुम्हाला मात्र स्वतःच्या धर्मांतराचं कारण पुढे करून तिला सोडता येणार नाही. वडिलांच्या मिळकतीतला तुमचा वारसा धर्म बदलल्याने जात नाही, ते १८५० च्या कायद्यानेच ठरलं आहे. पण हिंदू वारसा कायदा, १९५६, याचं सव्विसावं कलम सांगतं, की धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारसा मिळत नाही, वारसा उघडतो त्या वेळी, म्हणजे तो नातेवाईक वारतो तेव्हा, ती मुलं स्वतः हिंदू असतील तरच मिळतो. तुमची मुलगी आधीची आहे. दुसरं मूल व्हायचं असेल तर हे डोळ्यांसमोर ठेवा. एकत्र कुटुंबाची शेती असेल तर तालुक्याच्या एखाद्या जुन्या दिवाणी वकिलाकडे कागद घेऊन जाऊन या.

जात तुम्ही लिहिली नाही, मी विचारतही नाही. पण अनुसूचित जातीचा दाखला असेल तर ऐका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालं की तो जातो. आदिवासींचं तसं नाही, त्यांचा दर्जा धर्मावर ठरत नाही. कागदावर एक आणि रविवारी दुसरं, असं जगणारी घरं मला माहीत आहेत, आणि पोराच्या फीचा आकडा बघितला की त्यांच्याकडे बोट दाखवायला माझा हात उठत नाही. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात दाखला नाकारला. ही किंमत खरी आहे, रुपयांत मोजता येणारी आहे, आणि ती मोजायची की नाही हे ठरवायच्या आधी ती माहीत असायला हवी. देवाच्या राज्यात आकडेमोड चालत नाही असं म्हणणारे बहुतेक जण माझ्यासारखे असतात. आमच्या घरात ख्रिस्ती धर्माची ही चौथी पिढी. पणजोबांना भावकीने तोडलं, ते आम्ही गोष्ट म्हणून ऐकलं. किंमत त्यांनी मोजली आणि नाताळचा फराळ आमच्या वाट्याला आला.

आता वडील. त्यांना कसं सांगायचं? पाळकांना बरोबर नेऊ नका. फोनवर नको. एकादशीला नको, आणि पालखीच्या दिवसांत तर नकोच. शेतावर किंवा पारावर, दोघंच असताना. परवानगी मागू नका, कारण त्यांनी नाही म्हटलं तर काय करणार, हे तुमचं तुम्हालाच माहीत नाही. सांगा. विठ्ठलाबद्दल एक शब्द वाकडा बोलू नका, आणि ‘मला आता खरा देव सापडला’ हे तर तोंडातून जाऊ देऊ नका. तुमच्या देवाच्या वाटेनेच मी इथवर आलो, असं मनापासून म्हणता येत असेल तर म्हणा. टिळक म्हणत, की मी तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो. तुमच्या बाबतीत ते खरं असावं असं मला वाटतं. ज्या घरात पहाटे हरिपाठ ऐकला त्या घरातला मुलगा लूकचं शुभवर्तमान सोडू शकत नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. देवापायी लोकांची बोलणी खाणं म्हणजे काय, हे माळकऱ्याला दुसऱ्याने शिकवायला नको. हे तुमच्यापेक्षा ते जास्त जाणतात.

तब्येतीची भीती रास्त आहे. पुढच्या तपासणीला त्यांच्याबरोबर जा, मानसिक ताणाबद्दल डॉक्टरांना विचारा, थोडं थांबायला सांगितलं तर थांबा. पण हेही लक्षात घ्या, की चाकणला गावची किती माणसं कामाला आहेत आणि तुम्हाला त्या मंडळीच्या दारात कोणी बघितलं नसेल याची खात्री काय. गावच्या ग्रुपवर फोटो पडून त्यांना कळलं, तर तो धक्का तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मोठा असेल.

ते रागावतील, बोलणार नाहीत, कदाचित घरी येऊ नको म्हणतील. तिथे खरी किंमत सुरू होते, आणि ती तुम्ही भरायची. उलट बोलू नका. औषधाचे पैसे नेहमीच्या तारखेला जाऊ द्या. फोन उचलला नाही तरी करत राहा. मार्कच्या पाचव्या अध्यायात, गरसेकरांच्या मुलखात भूतबाधेतून बरा झालेला माणूस येशूला विनवतो, मला बरोबर येऊ दे. येशू त्याला नको म्हणतो, घरी जा, आपल्या माणसांकडे जा, असं सांगतो. मागे ये असं सगळ्यांना न सांगणारा येशूसुद्धा शुभवर्तमानातच आहे. तो प्रवचनात कमी भेटतो.

अग्नीचं काय? हा निर्णय फक्त तुमचा नाही. वडिलांचं शरीर, वडिलांचा विधी. ‘मी ख्रिस्ती झालो तरी मी तुम्हाला अग्नी दिलेला चालेल का?’ हे त्यांनाच विचारायचं. नको म्हणाले तर धाकटा भाऊ देईल, तुम्ही खांदा द्या. हो म्हणाले तर द्या, असं माझं मत आहे. बापाच्या देहाला अग्नी देणं ही दुसऱ्या देवाची पूजा आहे, असं मला कधी वाटलं नाही. पिंडदान आणि पुढचे विधी मात्र भावावर सोपवा, कारण मनात नसताना मंत्र म्हणणं हा भटजींचाही अपमान आहे. यावर मराठी मंडळ्यांत एकमत नाही, तुमचे पाळक बहुधा माझ्या विरोधात बोलतील. त्यांना राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला नामान दाखवा. तो अरामाचा सेनापती, बरा झाल्यावर अलीशाला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी परमेश्वराने क्षमा करावी. अलीशाने त्याला व्याख्यान दिलं नाही. शांतीने जा, एवढंच म्हणाला.

पाया पडायचं का, हा प्रश्नच नाही. आई-बापाचा मान राख ही आज्ञा आहे, आणि आपल्याकडे मान असाच राखतात. प्रसादाबद्दल पौलाने करिंथकरांना सविस्तर लिहिलं आहे, आठवा आणि दहावा अध्याय वाचा. माझ्यापुरतं म्हणाल तर बापाच्या थकलेल्या हाताने दिलेले चुरमुरे मी घेईन. तुमचं मन खात असेल तर घेऊ नका, पण नाही म्हणताना हात मागे घेऊ नका, हात जोडा.

‘मी तयार नाही का?’ हे तुम्ही विचारलंत, त्याला उत्तर द्यायचं राहिलं. शुभवर्तमानात मी तयार आहे असं ठासून सांगणारा माणूस आहे पेत्र. तुझ्याबरोबर तुरुंगात यायला आणि मरायलाही तयार आहे, असं तो लूकच्या बाविसाव्या अध्यायात म्हणतो, आणि कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारतो. त्याच गोष्टीत दुसरीकडे दोन भित्रे शिष्य आहेत. अरिमथाईकर योसेफ, यहुद्यांच्या भीतीने गुपचूप शिष्य झालेला. आणि निकदेम, जो पहिल्यांदा रात्री आला होता. बारा जणांतले बहुतेक पळाले होते तेव्हा हे दोघे उघडपणे पुढे आले. एकाने रोमी सुभेदार पिलाताकडे येशूचं शरीर मागितलं, दुसऱ्याने गंधरस आणि अगरू आणलं. कशासाठी? पुरण्यासाठी. मेलेल्यांना पुरू दे म्हणणाऱ्याला पुरायला गुप्त शिष्यच लागले. तयारी कोणाची किती, हे आधी कळत नाही. तुम्ही आत्ता घाबरलेले आहात म्हणून तुम्ही शिष्य नाही, असं पाळकांनी ठरवू नये आणि तुम्हीही.

पाळकांना नम्रपणे सांगा, ईस्टर नाही. बाप्तिस्म्याला थांबू नये असं म्हणणाऱ्यांकडे प्रेषितांच्या कृत्यांतले दाखले आहेत, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी त्याच रात्री घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतो. पण घरच्यांसकट, त्यांना अंधारात ठेवून नव्हे. आणि पुढच्या दोन-तीनशे वर्षांत मंडळीने उमेदवारांना लांब शिकवणीत ठेवायला सुरुवात केली, कुठे कुठे तीन तीन वर्षं, तेव्हा तिचा छळ थांबलेला नव्हता. घाई न करायला त्यांच्याकडे कारण होतं. पाळक रागावले तर पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि मग त्यांच्या विवेकावर हक्क सांगायला आलेल्या चर्चच्या मंडळींना त्यांनी स्पष्ट कळवलं, की इथल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्या पुरोहितांचं जोखड घ्यायला नाही. बाई एकटी, परक्या देशात, पदरात लहान मुलगी आणि राहणंखाणं त्याच लोकांकडे. तुमच्याकडे निदान चाकणची नोकरी आहे.

मंडळीबद्दलही एक सांगून ठेवते, कारण नव्याने आलेल्यांचा इथेच जास्त भ्रमनिरास होतो. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, ज्याने माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप सोडले त्याला ते शंभरपट मिळतील, छळणुकीबरोबर. मिळतात, मी बघितलंय. दवाखान्यात रात्र रात्र बसणारी माणसं मिळतात. पण त्या शंभर भावांत पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) निवडणुकीत एकमेकांवर केस टाकणारे भाऊही आहेत, आणि सोयरीक जुळवताना तुमची मूळ जात हळूच विचारणाऱ्या बहिणीही. वडिलांचं घर सोडून येणाऱ्याला हे घर स्वर्ग वाटायला लागतं आणि मग तो दुप्पट दुखावतो. म्हणून बाप्तिस्म्याच्या आधी या मंडळीची एक वार्षिक सभा बघून घ्या. गमतीने सांगत नाहीये.

राहिलं नाव. नाही, बदलावं लागत नाही. नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यानंतर नारायणच राहिले, लक्ष्मीबाई लक्ष्मीच राहिल्या. नव्या करारातली फीबी आणि अपुल्लोस ही नावंही ग्रीक देवतांवरूनच आलेली आहेत आणि पौलाला त्याची अडचण झाली नाही. वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव आहे, ते त्यांच्यापासून काढून घेऊ नका. रजिस्टरमध्ये कोणी दुसरं लिहायला घेतलं तर तिथेच थांबवा. नाहीतर आधार, पॅन, पीएफ आणि मुलीच्या शाळेतलं वडिलांचं नाव बदलत वर्षभर रांगेत उभं राहावं लागेल, ती किंमत येशूने कुठेच सांगितलेली नाही.

— तुमची ताई